नवोदयचा फॉर्म भरतोय, पण तिसरीचं वर्ष तालुक्याला झालंय. काय लिहू?

तेरणाकाठ (१४ जुलै, रात्री १०:१२)

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

थोरली मुलगी पाचवीला आहे, गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत. नवोदयचे, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचे, सहावीचे फॉर्म निघालेत. तिचे गुरुजी परवा स्वतः घरी आले आणि म्हणाले, हिचा भराच. आमच्या घराण्यात परीक्षा देऊन कुठं कुणी शिरलेलं नाही, त्यामुळं आधी आनंद झाला, मग घोर लागला.

अडचण अशी आहे. ती तिसरीत असताना तिच्या आईला दुसऱ्या बाळंतपणात बेडरेस्ट सांगितली होती. पोरीकडं बघायला घरात कुणी नव्हतं, म्हणून वर्षभर तिला आजोळी तालुक्याला ठेवली. शाळा तिथलीही जिल्हा परिषदेचीच. चौथीला परत आणली. आता नवोदयच्या कागदावर तिसरी, चौथी, पाचवी प्रत्येक वर्षाची शाळा आणि ती ग्रामीण की शहरी, असं विचारलंय. आता तालुक्याचं ते गाव म्हणजे काय शहर आहे का? एस.टी. स्टँड, बाजार समिती आणि दोन रसवंत्या. पण मागं तिथं नगरपंचायत झाली.

एका जाणकारानं सल्ला दिला, "तिसरीलाही गावचीच शाळा टाका, ग्रामीण करा, एवढ्या फॉर्मात कोण बघतंय?" मन धजत नाही. पण खरं लिहिलं तर ग्रामीण कोटा जाईल आणि पोरीचा नंबरही जाईल अशीही भीती आहे.

दुसरं म्हणजे, आमच्या आईचं म्हणणं, दहा वर्षांची पोर कुणी बाहेर टाकतं का? बायको काहीच बोलत नाही. ते जास्त अवघड.

कुणाची मुलं नवोदयला असतील तर सांगा.

सातारी_कंदील (१४ जुलै, रात्री १०:४०)

आधी अभिनंदन. गुरुजी घरी येऊन सांगतात म्हणजे पोरीत काहीतरी आहे.

सैनिक स्कूलचा विचार केलाय का? आमच्या साताऱ्याचं १९६१ चं, देशातलं पहिलं. आता मुलींनाही घेतात. सहावीची परीक्षा ३०० मार्कांची, त्यात निम्मे एकट्या गणिताचे.

तेरणाकाठ (१४ जुलै, रात्री १०:५५)

दादा, तिथं फी आहे ना? आमचं सोयाबीनवर चालतं. नवोदयला राहणं, खाणं, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारचं आहे म्हणून तर हा विचार.

सातारी_कंदील (१४ जुलै, रात्री ११:०२)

फी आहे, आणि ती नवोदयसारखी नावापुरती नाही. शिष्यवृत्त्या असतात, पण आधी हिशोब करून मगच उडी मारा. तुमचं बरोबर आहे.

नेटकॅफेवाला (१५ जुलै, सकाळी ८:१५)

माझं सेवा केंद्र आहे. जुलै-ऑगस्टात हेच काम करतो, म्हणून घाईघाईत चार गोष्टी सांगतो.

फॉर्मला सरकारी फी शून्य. केंद्रवाला जे घेतो ते त्याच्या टायपिंगचे आणि स्कॅनचे. कुणी "परीक्षा फी" म्हणून पैसे मागितले तर उठून या.

आधी माहितीपत्रकातला प्रमाणपत्राचा नमुना छापून घ्या. त्यावर मुलीचा फोटो, शाळेची माहिती, मुख्याध्यापकांची सही-शिक्का, पालकाची सही आणि मुलीची स्वतःची सही लागते. तो कागद, फोटो आणि दोन्ही सह्या वेगवेगळ्या स्कॅन करून चढवायच्या. फाइल १० ते १०० केबीमध्ये बसली पाहिजे. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो परत परत बारीक करून चढवला की चेहरा ओळखू येत नाही, म्हणून मूळ फोटो घेऊन या.

शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव सारखं आहे का बघा. अर्ध्या लोकांचं तिथंच अडतं. दाखल्यावर "वैष्णवी", आधारवर "वैश्नवी", आणि बाप म्हणतो एकच आहे की. पोर्टलला ते एक वाटत नाही.

आणि मुलीची सही आत्तापासून पक्की करून घ्या. मुलं केंद्रात येऊन पहिल्यांदाच सही करतात आणि दर वेळी वेगळी करतात.

मुदत दरवर्षी वाढते असं सगळे म्हणतात. आजवर वाढलीही आहे. पण शेवटच्या दोन दिवसांत साइट कशी चालते हे मला विचारा, किंवा नका विचारू.

बोरिवली_लोकल (१५ जुलै, सकाळी ९:३०)

छान माहिती. माझ्या भाचीसाठी भरता येईल का? ती कांदिवलीला असते.

नेटकॅफेवाला (१५ जुलै, सकाळी ९:४४)

ज्या जिल्ह्यात राहता आणि पाचवी शिकता त्याच जिल्ह्याच्या नवोदयला भरता येतो. मुंबईत नवोदयच नाही.

बोरिवली_लोकल (१५ जुलै, सकाळी ९:५०)

अरे! मला वाटलं सगळीकडे असतात.

खडूफळा (१५ जुलै, दुपारी १:२०)

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. माझ्या हातून मुलं नवोदयला गेली, त्याहून कितीतरी जास्त गेली नाहीत. दोन्हींच्या अनुभवावर लिहितो, थोडं लांबेल.

तेरणाकाठ, तुमचा जाणकार तुम्हाला खड्ड्यात घालतोय. नियम स्वच्छ आहे. ग्रामीण कोट्यातून जायचं तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. त्यातला एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत गेला असेल तरी उमेदवार शहरी धरतात. एक दिवस! तुमचं तर अख्खं वर्ष आहे. आणि शहर कोणतं हे रसवंत्या मोजून ठरत नाही. जनगणनेनं किंवा त्यानंतरच्या सरकारी अधिसूचनेनं जो भाग नागरी ठरवला तो शहरी. २०१४-१५ च्या आसपास राज्यात तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, त्यात अशी कितीतरी गावं आली. शाळेची इमारत तीच, गळकं छत तेच, चिंचेचं झाड तेच, पण पटावरची पोरं एका रात्रीत शहरी झाली. मोलमजुरी करणाऱ्याची लेकरं पुण्याच्या पोरांच्या रांगेत. मला हे कधी पटलं नाही, आजही पटत नाही. पण नियम पटत नाही म्हणून खोटं लिहायचं आणि तेही दहा वर्षांच्या पोरीच्या नावावर, हे करू नका.

"कोण बघतंय" याचं उत्तर: फॉर्म भरताना कुणी बघत नाही, परीक्षेला बसताना कुणी बघत नाही. यादीत नाव आलं की बघतात. तेव्हा ग्रामीण भागात शिकल्याचा दाखला मागतात, मागच्या वर्षांच्या शाळांची प्रमाणपत्रं मागतात. शिवाय आता प्रत्येक मुलाची नोंद ऑनलाइन आहे, तिसरीत ती कोणत्या शाळेच्या पटावर होती हे लपत नाही. विचार करा, पोरगी पास झाली, गावानं पेढे खाल्ले, ट्रंक घेतली, आणि मग कागदावरून परत आली. न लागलेला नंबर पोर पंधरा दिवसांत विसरतं. लागून गेलेला विसरत नाही. शिवाय त्या प्रमाणपत्रावर तुमच्या मुख्याध्यापकांची सही आहे, त्यांच्याही नोकरीला घोर.

आता शहरी लिहिलं तर किती फरक पडतो ते बघू. एका नवोदयात सहावीला साधारण ८० जागा. त्यातल्या किमान पाऊणशे टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण मुलांच्या. उरलेल्या २० गुणवत्तेवर सगळ्यांना खुल्या, म्हणजे त्यात शहरी तर येतातच, वरच्या गुणांची ग्रामीण मुलंही येतात. त्यावर अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांग यांची आरक्षणं आणि एकतृतीयांश मुली हे गणित चालतं. थोडक्यात, दार अरुंद होतं, बंद होत नाही. खोटं सांगून धीर देत नाही, बरंच अरुंद होतं. ओबीसी असाल तर एवढं लक्षात ठेवा की तिथं केंद्राची यादी चालते, राज्याची नाही.

अभ्यासाचं. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास, चुकीला गुण कापत नाहीत. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, बुद्धिमत्तेच्या आकृत्यांचे. गणित २० आणि भाषा २०. भाषेला चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, मराठी माध्यम निवडता येतं. आकृत्यांत आरशातली प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद उलगडला की कसा दिसेल, लपलेली आकृती असलं असतं. हे घोकून येत नाही, हातानं येतं. मी वर्गात वर्तमानपत्राच्या घड्या घालून पंचिंग मशीन मुलांच्या हातात द्यायचो. आधी सांगायचं छिद्रं कुठं दिसतील, मग उलगडायचं. पहिला आठवडा नुसता हशा, दुसऱ्या आठवड्यात मुलं माझ्या आधी सांगायची. तो कचरा शिपाईमामा झाडून झाडून वैतागले होते.

गणितात लसावि-मसावि, दशांश अपूर्णांक, नफा-तोटा यांवर हात बसवा. दुकानाच्या हिशोबाला पोरीला बसवा, ते जास्त कामाचं.

आणि ते "निवासी नवोदय क्लास"? पाचवीच्या पोराला घरापासून तोडून, पैसे भरून, घरापासून तोडणाऱ्या शाळेची तयारी. माझं मत कळलं असेल.

शेवटचं. ही परीक्षा एकदाच देता येते. पुन्हा पाचवीत बसवून दुसऱ्यांदा देता येत नाही, काही पालक तोही उद्योग करतात. सहावीला नाही लागला तर आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांची वेगळी परीक्षा असते, ते दार लक्षात असू द्या.

काळीआई (१५ जुलै, दुपारी २:०५)

गुरुजी, "पाऊणशे टक्के" म्हणजे ७५ ना? आमच्याकडे पाऊणशे म्हणजे पंच्याहत्तरच, पण नवी पोरं गोंधळतील. :)

खडूफळा (१५ जुलै, दुपारी २:३०)

७५ च. पावकी-निमकी पाठ केलेला माणूस आहे, सवय जात नाही.

भीमथडी (१५ जुलै, दुपारी ४:१०)

माझा प्रश्न उलटा आहे. आमचा फॉर्म भरून झाला आणि घाईत शहरीऐवजी ग्रामीण टिक झालं. आमची शाळा नगरपालिकेच्या हद्दीत आहे. आता?

नेटकॅफेवाला (१५ जुलै, दुपारी ४:३२)

घाबरू नका. मुदत संपली की दोन-चार दिवस दुरुस्तीची खिडकी उघडते. त्यात मुलगा-मुलगी, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांग आणि परीक्षेचं माध्यम एवढंच बदलता येतं. नाव, जन्मतारीख नाही. साइटवर रोज नजर ठेवा, निरोप कुणी पाठवत नाही.

निलगिरी_हाऊस (१५ जुलै, रात्री ९:४८)

तेरणाकाठ दादा, मी नवोदयची माजी विद्यार्थिनी. मराठवाड्यातलीच, जिल्हा सांगत नाही, इथं माझे वर्गमित्र वाचतात. आयडी वाचून ओळखणारे ओळखतीलच. देशभरातल्या प्रत्येक नवोदयात हाऊस, म्हणजे मुलांचे राहायचे गट, चारच, अरावली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात निलगिरीत राहणं हा एक विनोदच होता.

तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लिहितेय. दहा वर्षांची पोर बाहेर टाकतात का? माझ्या आजीनं हाच शब्द वापरला होता, "टाकतात". बाबा मला सोडायला आले तेव्हा एक पत्र्याची पेटी, एक बादली, एक मग आणि कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक किल्ली माझ्या गळ्यात, एक बाबांच्या खिशात. ते गेले आणि आठ दिवसांनी माझी किल्ली हरवली. हाऊसच्या मॅडमनी कुलूप तोडून दिलं. दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांची किल्ली खुंटीला टांगलेली होती. कुलूप तुटलंय हे मी त्यांना पुढं चार वर्षं सांगितलं नाही.

पहिले दोन महिने रडले. खोटं कशाला बोलू? रात्री हॉलमध्ये एकीनं सुरुवात केली की सगळ्या सुरू व्हायच्या. पाचला उठणं, पीटी, रांगेत ताट धुणं. सकाळच्या पोह्यांत शेंगदाणे शोधावे लागायचे. मग कधीतरी थांबलं. कधी थांबलं ते आठवत नाही. सहामाहीला घरी आले तर मलाच तिसऱ्या दिवशी करमेना, आणि आई ते बघून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. हेही सांगायला हवं. नवोदय पोरगी घडवतं, पण घरातली एक जागा रिकामी करतं. ती नंतर पूर्वीसारखी भरत नाही.

मिळालं काय ते सांगते. सुरुवातीला मराठीतून, आठवी-नववीच्या सुमारास गणित-विज्ञान इंग्रजीत झालं. सगळ्यांचीच फजिती असल्यानं लाज वाटली नाही. नववीत आमच्यातल्या तीस टक्के मुलांना वर्षभरासाठी हिंदी राज्यातल्या नवोदयात पाठवलं आणि तिकडची मुलं इकडं आली. मी उत्तर प्रदेशात होते. तिथं मला सगळे "ए मराठी" म्हणायचे. मी त्यांना पिठलं शिकवलं, म्हणजे मेसच्या भैयांना कसं करायचं ते सांगितलं. त्यांनी केलं त्याला पिठलं म्हणवत नव्हतं, पण खाल्लं. ज्या मुलीनं तालुक्याचं गाव सोडून काही पाहिलं नव्हतं ती चौदाव्या वर्षी दोन रात्री रेल्वेत काढून परराज्यात गेली. पुढं इंजिनिअरिंगला पुण्यात आले तेव्हा पुणं मला अजिबात मोठं वाटलं नाही.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या घरून साबण, तेल, वह्या आणि एस.टी. भाडं एवढंच. नववीपासून महिना ६०० रुपये विकास निधी घेतात, पण मुलींना तो माफ आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही. सरकारी नोकरांच्या मुलांना दर जास्त.

एक विचारू? सगळ्यांचं म्हणणं लिहिलंत. आईचं, गुरुजींचं, वहिनी गप्प आहेत तेही. पोरीचं कुठंय?

तेरणाकाठ (१५ जुलै, रात्री १०:३०)

ताई, खरं सांगतो, विचारलंच नाही. फॉर्म भरायचा म्हणून सांगितलं, तिनं मान हलवली. उद्या विचारतो.

लेकुरवाळी (१६ जुलै, सकाळी ११:००)

दुसरी बाजू कुणीतरी लिहायला हवी. माझा मुलगा एका निवासी शाळेत लागला होता (नाव सांगत नाही, शाळा वाईट नव्हती). पाच महिन्यांत परत आणला. अंथरूण ओलं व्हायला लागलं होतं. घरी असताना कधीच नाही. त्यानं कुणाला सांगितलं नाही, चादर पेटीत घडी करून ठेवायचा. भेटायला गेले तेव्हा पेटी उघडली आणि वासावरून कळलं.

लोकांनी काय काय म्हटलं. "एवढी सोन्यासारखी जागा", "आईनंच लाडावलाय". दाखला काढायला गेले तेव्हा ऑफिसातले बाबू म्हणाले, बाई, हजारो लोक या जागेसाठी रडतात. म्हटलं, माझाही रडतोय, म्हणूनच नेतेय.

आता तो गावच्या हायस्कूलला नववीत आहे. बरा आहे. मार्क मध्यम. रात्री चादर कोरडी. फॉर्म भरू नका असं मी म्हणत नाही. पण लागला म्हणजे पाठवलाच पाहिजे असंही नसतं, आणि पाठवला म्हणजे आणता येत नाही असंही नसतं. हे आधीच ठरवून ठेवा, आणि पोरीला सांगून ठेवा.

खडूफळा (१६ जुलै, सकाळी ११:४०)

ताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. आम्ही शिक्षक लागलेल्यांची नावं फळ्यावर लिहितो, परत आलेल्यांची विचारपूस करत नाही. माझ्याकडूनही तसंच झालंय. एक मुलगा होता. असो.

काळीआई (१६ जुलै, दुपारी १२:१५)

थोडं अवांतर. देशातली पहिली दोन नवोदयं १९८५-८६ मध्ये सुरू झाली, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. आमच्या विदर्भाला पहिला नंबर फारसा मिळत नाही, म्हणून मी ही गोष्ट दर धाग्यावर लिहिते.

सातारी_कंदील (१६ जुलै, दुपारी १२:२०)

मी सैनिक स्कूल लिहितो, तुम्ही अमरावती. फिट्टंफाट.

तेरणाकाठ (१७ जुलै, रात्री ९:२०)

काल पोरीला विचारलं. दुकान बंद करून ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. तुळजापूरला शाळा आहे, तिथंच राहायचं, सुट्टीला यायचं, नववीत परराज्यातही जावं लागेल कदाचित. ताईंची किल्लीची गोष्ट सांगितली. लेकुरवाळी ताईंच्या मुलाचं मात्र सांगितलं नाही. फक्त एवढं सांगितलं की नाही करमलं तर मी मोटरसायकल घेऊन येईन, कारण विचारणार नाही.

तिनं बराच विचार केला. मग विचारलं, "भेटायच्या रविवारी पेरणी असली तर तू येशील का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण तिला माहितीय, मागच्या वर्षी तिच्या स्नेहसंमेलनाला मी खुरपणीमुळं गेलो नव्हतो. शेवटी म्हटलं येईन. ती म्हणाली, "मग भर."

आता बायकोचं. ती गप्प का होती ते काल कळलं. तिच्या मनात बसलंय की तिच्या दुखण्यापायी पोरीचं तिसरीचं वर्ष तालुक्याला गेलं, म्हणजे कोटा तिच्यामुळं गेला. पोर लागली नाही तर दोष आपल्याला लागणार. मी चार दिवस हिच्यासमोर ग्रामीण-शहरी, ग्रामीण-शहरी करत होतो आणि ती भाकरी थापत ऐकत होती.

लेकुरवाळी (१७ जुलै, रात्री ९:४५)

वहिनींना इथलं वाचून दाखवा. म्हणावं, ते वर्ष तुम्ही आणि बाळ दोघं धड राहण्यात गेलं. फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही, एवढंच.

निलगिरी_हाऊस (१७ जुलै, रात्री १०:१०)

आणि दादा, तो रविवार. आमच्याकडे महिन्यातून एकदा भेटीचा रविवार असायचा. सकाळपासून आम्ही गेटच्या जाळीला चिकटलेल्या असायचो. ज्यांचं कुणी यायचं नाही त्या अभ्यासाचं कारण काढून आत बसायच्या, आणि त्या दिवशी त्यांचा अभ्यास फार व्हायचा. पेरणी दोन दिवस मागं गेली तर चालतं का ते मला माहीत नाही, शेतकऱ्याची मुलगी असूनही.

तेरणाकाठ (१७ जुलै, रात्री १०:१८)

वाफसा असला तर नाही चालत. पण भावाला सांगून ठेवतो.

खडूफळा (१८ जुलै, सकाळी ७:५०)

गावात पंचिंग मशीन मिळत नसेल तर कळवा, माझं पाठवतो. निवृत्तीला शाळेनं शाल-श्रीफळ दिलं, मशीन मी स्वतःच घेऊन आलो होतो.

तेरणाकाठ (२३ जुलै, संध्याकाळी ७:३५)

मंडळी, फॉर्म भरला. तिसरीला तालुक्याचीच शाळा लिहिली, शहरी. मुख्याध्यापकांनी सही करताना तो रकाना दोनदा वाचला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "विचार करून लिहिलंय ना?" म्हटलं हो. त्यांनी शिक्का मारला. सुटल्यासारखे दिसले.

आधारवर तिच्या नावात खरंच एक वेलांटी चुकलेली निघाली. नेटकॅफेवाले भाऊ, तुमच्यामुळं आधीच कळलं. दुरुस्तीला दोन चकरा झाल्या.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो सहीला. तिला वाटत होतं, नाव लिहिलं की झाली सही. मग तिला म्हटलं, रोज सारखीच आली पाहिजे. तीन संध्याकाळी ती दुकानातल्या जुन्या बिलबुकाच्या पाठीवर सह्या करत बसली होती. आधी माझ्यासारखी फराटा मारून बघितली, मग तिच्या गुरुजींसारखी खाली दोन टिंबं देऊन. शेवटी आईला म्हणाली, तू करून दाखव. आई बचतगटाच्या वहीत करते तशी सावकाश एकेक अक्षर जोडून केली. पोरीनं तीच उचलली, फक्त नाव स्वतःचं घातलं.

स्कॅन ४१ केबीचं झालं. पहिल्याच वेळी चढलं.

गुरुजी, मशीन पाठवा.